दरड, पर्जन्यमापक आणि आपले ६५ मिलिमीटर

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

२० जुलै २०२३, गुरुवार. सकाळी साडेदहाच्या आसपास खिशातला फोन एकदम कर्कश वाजायला लागला. मी टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या दोघांचेही फोन वाजले. एकजण म्हणला, "हॅक झाला की काय?" उघडून बघितलं तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश. हा फक्त चाचणी इशारा आहे, काही करायची गरज नाही, असा मजकूर. टपरीवर हशा झाला. अन् त्याच टपरीतल्या टीव्हीवर त्याच वेळी इर्शाळवाडी चालू होती. आदल्या रात्रीच, साडेदहा-अकराच्या सुमाराला, रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटातली ठाकर आदिवासींची ती वाडी दरडीखाली गेली होती. सव्वादोनशेच्या आसपास वस्ती. २७ मृतदेह निघाले, ५७ जण बेपत्ता राहिले, २३ जुलैला शोध थांबवला. रस्ताच नसल्यानं जेसीबी वर चढवता आला नाही, माणसं फावड्यांनी उकरत होती. मदतीला वर चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकारानं गेला.

इशारा द्यायचं यंत्र तयार आहे, हे सांगणारा संदेश आला तो दरड कोसळल्यावर बारा तासांनी. यात कुणाचं कारस्थान नाही, चाचणीची तारीख आधीच ठरलेली असणार. पण ते दोन्ही एकाच वेळी बघितल्यापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचत आलो, विचारत आलो. आज लिहितोय.

आता कोणीतरी म्हणेल, मुरुडचा माणूस दरडीवर कशाला लिहितोय? आपल्याकडं डोंगर कुठाय? खरंय. आपल्याकडं काळी माती अन् दुष्काळ. २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली ती आपल्याच स्टेशनावरून लातूरला गेली. आपल्याकडं वर्षभरात सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडला तरी चांगला म्हणायचा. महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. इर्शाळवाडीच्या भागात दरडीआधीच्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर. आपल्याला तो पाऊस डोळ्यांसमोरही येत नाही.

पण आपण किल्लारीची माणसं आहोत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. मी शाळेत होतो. नंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो, पाऊस आला तरी आई आत जाऊ देत नव्हती. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी भागात छोटे धक्के बसत होते, १८ ऑक्टोबर १९९२ चा तर चांगलाच मोठा होता. लोक घाबरून होते. पण भूकंपाचं असं आहे की छोटे धक्के बसले म्हणजे मोठा येणारच, असं तेव्हाही सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. तिथं विज्ञानाचेच हात टेकलेले आहेत.

दरडीचं तसं नाही. म्हणून हा विषय आपल्याला कळायला पाहिजे. पावसानं कोसळणारी दरड आधी तयारी करते, अन् ती तयारी मोजता येते.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. जुनी दगड-मातीची विहीर कधी ढासळते? पहिल्या पावसात नाही. आठ-दहा दिवस झड लागते, माती पाणी पिऊन पिऊन फुगते, अन् मग एखाद्या रात्री मोठी सर येते आणि अख्खी बाजू आत बसते. आदल्या दिवशी काठावर भेग दिसते, म्हातारी माणसं लेकरांना ओरडतात, तिकडं जाऊ नका. सह्याद्रीत हेच डोंगराएवढं होतं. खाली बसाल्टचा कठीण खडक, वर झिजून झालेली माती. पाणी मातीत मुरतं, खडकाला अडतं, कणाकणांमधल्या जागेत साचतं आणि दाबानं कण एकमेकांपासून सुटे करतं. मातीची पकड जाते. उताराला भेगा पडतात, झाडं कलतात, झऱ्याचं पाणी गढूळ होतं किंवा भलतीकडूनच निघतं, घराची दारं चौकटीत अडकायला लागतात. म्हणजे प्रश्न दोनच: आधी किती पाऊस मुरलाय, आणि आता किती पडतोय.

याची समज आपल्या देशात नवी नाही. एक जुनी गोष्ट सांगतो, मला स्वतःला ती वाचून फार आश्चर्य वाटलं होतं.

१८९३ च्या सप्टेंबरमध्ये गढवालात गोहना गावाजवळ डोंगराचा प्रचंड कडा बिरही गंगा नदीत कोसळला. नदी अडली, मागं तलाव भरायला लागला. खाली अलकनंदेच्या काठानं श्रीनगर, आणखी खाली हृषीकेश, हरिद्वार. हा मातीचा बांध एक ना एक दिवस फुटणार हे उघड होतं. पुलफोर्ड नावाच्या इंग्रज अधीक्षक अभियंत्यानं बांध फोडायचा नाद सोडून दिला. त्यानं माणसं हलवायची ठरवली. क्रुकशँक नावाचा लेफ्टनंट तलावावर बसवला, रोज पाण्याची पातळी मोजायला. भूशास्त्रज्ञ हॉलंड येऊन बघून गेला. गोहन्यापासून थेट हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली. पाणी ऑगस्ट १८९४ च्या मध्याला बांधावरून वाहील असा हिशेब निघाला. २५ ऑगस्टच्या मध्यरात्री बांध फुटला. श्रीनगरचा बाजार, घरं धुऊन गेली. माणसं किती गेली? पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांनाही हलवलेलं होतं, ते परत गेले.

१८९४ साल. मोबाईल नाही, उपग्रह नाही. एक माणूस मोजायला, एक तार निरोपाला, आणि खाली ऐकून गाव रिकामं करणारी यंत्रणा. इंग्रजांचं कौतुक करावं म्हणून हे लिहीत नाहीये. त्याच्या चौदा वर्षं आधी, १८ सप्टेंबर १८८० ला, त्यांच्याच लाडक्या नैनितालमध्ये दरड कोसळून १५१ माणसं गेली होती. हा १५१ आकडा लक्षात ठेवा.

पावसाच्या आकड्यावरून दरडीचा इशारा द्यायची पद्धत मात्र हाँगकाँगनं रुळवली, आणि तीही मार खाऊनच. १८ जून १९७२, एकाच दिवशी दोन ठिकाणी उतार खचले, १३८ माणसं गेली. चार वर्षांनी त्यातल्याच एका भागात पुन्हा दरड, आणखी १८. मग १९७७ मध्ये उतारांसाठी वेगळं सरकारी कार्यालय उभं राहिलं आणि इशाऱ्याची पद्धत सुरू झाली. पुढं १९८४ च्या सुमाराला त्यांचा हिशेब असा होता: चोवीस तासांत १७५ मिलिमीटर किंवा एका तासात ७० मिलिमीटर होईल असं दिसलं की इशारा. आज तिथं शंभराहून जास्त स्वयंचलित पर्जन्यमापकं आहेत. हाँगकाँगचं क्षेत्रफळ आपल्या लातूर जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं.

अमेरिकेची गोष्ट उलटी. सॅन फ्रान्सिस्कोजवळ जानेवारी १९८२ च्या वादळी पावसात हजारो ठिकाणी उतार खचले, पंचवीस माणसं गेली. १९८५ ला तिथल्या भूगर्भ खात्यानं आणि हवामान खात्यानं मिळून इशारा पद्धत चालू केली, फेब्रुवारी १९८६ च्या पावसात ती वापरली. आणि १९९५ ला बंद केली. कारण पैसा अन् माणसं कमी पडली. एवढ्या श्रीमंत देशात! यंत्रणा बसवणं एक आणि दहा-वीस वर्षं दर पावसाळ्यात जागी ठेवणं वेगळं. हे आपल्याला गावच्या नळयोजनेवरून माहीतच आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात या.

२६ जुलै २००५ म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते, सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आठवतात. त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळून दोनशेच्या जवळपास माणसं गेली. मुंबईच्या बातमीखाली ती बातमीच दबली. आम्ही पत्रकारांनी केलेलं पाप आहे ते.

३० जुलै २०१४, माळीण, ता. आंबेगाव. सकाळी एसटीचा चालक नेहमीच्या वाटेनं गेला तर गाव जागेवर नाही. गाव गेल्याची खबर जगाला दिली ती त्या एसटीवाल्यानं. १५१ मृत्यू. नैनितालचाच आकडा, १३४ वर्षांनी. का झालं यावर वाद झाले. डोंगरउतारावर पडकईची सपाटीकरणाची कामं झाली होती, ती कारणीभूत की नुसता पाऊस? भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं मुसळधार पावसाबरोबर उतारात केलेल्या फेरफारांकडंही बोट दाखवलं. माळीणच्या लोकांसाठी आमडे इथं नवं गाव झालं, २०१७ ला घरं मिळाली.

२२ जुलै २०२१, तळिये, पुन्हा महाड तालुका. ऐंशीहून जास्त मृत्यू. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव. मिरगावची माणसं तर कोयना धरणासाठी आधीच एकदा उठवलेली. आता इथं नीट बघा. हवामान खात्यानं रायगडला त्या दिवशी रेड अलर्ट दिलेला होता! म्हणजे इशारा नव्हता असं म्हणता येत नाही. पण रेड अलर्ट म्हणजे सगळा जिल्हा. रायगड जिल्ह्यात शेकडो गावं, हजारो वाड्या. तळियेच्या माणसानं त्यातून काय समजायचं? घर सोडायचं का? सोडून कुठं जायचं? महाड शहर स्वतःच पुरात होतं, रस्ते बंद, फोन बंद. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

आणि इर्शाळवाडी? दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. हे विधानसभेत सरकारनंच सांगितलं.

बरं, या सगळ्यात एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. ती म्हणजे कोकण रेल्वे.

ज्या डोंगरांत ही गावं आहेत, त्याच डोंगरांच्या पायथ्यातून १९९८ पासून रेल्वे धावते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर कारवार-मुंबई गाडी आदळली, पन्नासहून जास्त प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस, तसंच कारण. त्यानंतर रेल्वेनं काय केलं ते बघा. उताराला जाळ्या मारल्या, माती काढून उतार सौम्य केले. 'रक्षा धागा' नावाची साधी युक्ती बसवली: कटिंगच्या कडेनं जाळी आणि तार, दगड येऊन आदळला की तार ओढली जाते आणि गाडीला लाल सिग्नल मिळतो. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली असे मार्गावर नऊ ठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक. पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं. जोराचा पाऊस असून पुढचं नीट दिसत नसेल तर वेग ताशी ४० वर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साडेसहाशेच्या आसपास माणसं रात्रंदिवस रुळावर गस्त घालतात, हातात बत्ती घेऊन, भर पावसात. मध्य रेल्वेचंही बोरघाटात असंच. आपली लातूर-मुंबई गाडी रात्री तिथून जाते, आपण झोपेत असतो, आणि पावसाळ्याआधी हिल गँगची माणसं कड्याला दोरानं लटकून सुटे झालेले दगड पाडून गेलेली असतात.

म्हणजे सह्याद्रीत दरडीवर नजर ठेवता येते. वीस वर्षांपासून ठेवली जातेय. गाडीसाठी ठेवली जातेय. गाडीच्या डोक्यावरच्या वाडीसाठी नाही. यावर कोणी म्हणेल की रेल्वेची एक ओळ आहे अन् वाड्या विखुरलेल्या आहेत. मान्य. पण एका वाडीला गस्तीवाला एक पुरतो, आणि तो वाडीतलाच असू शकतो.

असं गावासाठी केलेलं उदाहरण देशात आहे. केरळात मुन्नारला अँथोनियार कॉलनीच्या उतारावर अमृता विद्यापीठानं २००९ ला जमिनीत संवेदक पुरले. मातीतल्या पाण्याचा दाब किती, ओल किती, उतार किती सरकला, हे बिनतारी यंत्रणेनं कळतं. हिमाचलात मंडीच्या आयआयटीनं स्वस्तातली उपकरणं बनवून रस्त्याकडेला बसवली. एका उताराला हे जमतं. सगळ्या सह्याद्रीला संवेदक पुरणं शक्य नाही, हेही खरं.

म्हणून दुसरा मार्ग, पावसाच्या आकड्यावरून भागाभागाचा अंदाज. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं माळीणच्या वर्षापासूनच देशाच्या डोंगराळ भागाचा दरडप्रवण नकाशा करायला घेतला, सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. ब्रिटनच्या भूशास्त्र संस्थेबरोबर दार्जिलिंग आणि निलगिरीत अंदाजाचा प्रयोग केला, २०२० च्या पावसाळ्यापासून तिथं चाचणी पत्रकं निघू लागली. १९ जुलै २०२४ ला कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचं उद्घाटन झालं. इर्शाळवाडीला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं.

आणि अकरा दिवसांनी वायनाड. ३० जुलै २०२४, माळीणला बरोबर दहा वर्षं. मध्यरात्रीनंतर मुंडक्कै, चुरलमला वाहून गेलं. अडीचशेहून जास्त माणसं. केंद्र म्हणलं आम्ही इशारे दिले होते, केरळचे मुख्यमंत्री म्हणले दरडीचा अंदाज तर हिरवा होता, काळजीचं कारण नाही असा. ती भांडणं टीव्हीवर तुम्ही बघितली असतील. टीव्हीवर कमी आलं ते हे: कल्पेट्ट्यातली ह्यूम सेंटर नावाची एक छोटी संस्था. तिनं वायनाडमध्ये ठिकठिकाणी, शेतकरी आणि मळेवाल्यांच्या मदतीनं, दोनशेच्या वर पर्जन्यमापक लावलेत. रोज सकाळी आकडे गोळा होतात. २८ जुलैला पुथुमलाला २०० मिलिमीटर, २९ ला १३० मिलिमीटर नोंदले गेले. २९ ला सकाळीच त्यांनी जिल्हा प्रशासनाला कळवलं की इथं दरड येऊ शकते. हातात सोळा तास होते. निरोप पोचलेला होता, तरी वस्तीचा मोठा भाग रात्री जागेवरच होता.

इथं मला आपलं मुरुड आठवतं. सांगतो का ते.

आपल्याकडं पर्जन्यमापक म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. ६५ मिलिमीटर! मंडळात चोवीस तासांत ६५ झाला तर अतिवृष्टी, पंचनामे, मदत. ६४ झाला तर काही नाही. आणि माप कुठलं? मंडळात एका जागी बसवलेल्या महावेधच्या केंद्राचं. माझ्या शेतात ढगफुटी होऊन सोयाबीन पाण्याखाली गेलं, पण केंद्रावर ४० च पडला, तर मी कागदावर कोरडा. किती वर्षं आपण यावर बातम्या करतोय, मोर्चे काढतोय. हे भांडण आपण पैशासाठी भांडतो. डोंगरातल्या माणसाचं नेमकं हेच भांडण जिवासाठी आहे. पर्जन्यमापक पायथ्याच्या गावात, आणि पाऊस पडतो वर कड्यावर. डोंगरात तर दोन-तीन किलोमीटरला पाऊस बदलतो. वायनाडच्या त्या संस्थेनं जे ओळखलं ते एवढंच की माप जिथं दरड येते तिथं पाहिजे, आणि ते मोजणारा तिथलाच पाहिजे.

आणि आता तर हा प्रश्न कोकणापुरता राहिलाच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारी नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यात, हसनाळसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, माणसं आणि जनावरं गेली. सप्टेंबरात तर धाराशिव, लातूर, बीड सगळीकडंच. मांजरा, तेरणा काठच्या लोकांना विचारा, फोनवर इशारे आले होते का. आले होते. रोजच येत होते, पुढच्या तीन तासांत विजांसह पाऊस, अख्ख्या जिल्ह्यासाठी. माझ्याच फोनवर इतके आले की मी वाचायचं सोडून दिलं होतं. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं मला सांगितलं, "भाऊ, लांडगा आला रे आला झालंय ते."

खोट्या इशाऱ्याचं हे दुखणं सगळीकडं आहे. दहा वेळा गाव हलवलं अन् दरड आली नाही, तर अकराव्या वेळी कोण हलेल? त्यातही इर्शाळवाडीच्या ठाकराला हलवायचं म्हणजे शेळ्या, कोंबड्या, म्हातारी माणसं घेऊन रात्री पावसात निसरड्या वाटेनं खाली उतरायला सांगायचं, आणि खाली निवारा म्हणून शाळेची गळकी खोली दाखवायची. तो नाही म्हणला तर त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. गोहन्याचा तो फकीर का परतला असेल, हेही कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. बहुतेक त्याला दुसरीकडं जागाच नसावी.

आता एक काम. मुरुड, गातेगाव, तांदुळजा, कासारखेडा या मंडळांतल्या मित्रांनो, तुमच्या मंडळाचं महावेधचं केंद्र नेमकं कुठं आहे, त्याच्या आजूबाजूला झाड, भिंत, पत्र्याचं शेड आहे का, त्याचा फोटो काढून कमेंटमध्ये टाका. गावाचं नाव आणि तारीख लिहा. ज्यांच्या घरी स्वतःची पावसाची नोंदवही आहे (मला माहीत आहे, दोन-तीन जुन्या मास्तरांकडं आहे), त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा. गेल्या सप्टेंबरच्या नोंदी केंद्राच्या आकड्यांशेजारी ठेवून बघायच्या आहेत.